टेबलावर झगमगते, हातात घेतली की विझते: घरी बनवलेल्या एलईडी तलवारीतले बिघाड कसे शोधायचे

गॅदरिंग, देखावा किंवा कॉस्प्लेसाठी घरी बनवलेली पेटती तलवार बिघडली की पहिला संशय प्रोग्रामवर जातो आणि दुसरा एलईडीवर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. सेलपासून पात्याच्या टोकापर्यंत वीज पोहोचताना वाटेत कुठेतरी ती अडते, आणि टेबलावर तपासताना हे लक्षात येत नाही, कारण तिथे तलवार हलत नसते आणि पातंही मंद उजेडावर असतं. म्हणून पुढचं प्रत्येक मोजमाप पातं पूर्ण पेटवून घ्यायचं, आणि जमेल तिथे मूठ हलवत घ्यायचं. नुसत्या रिकाम्या, म्हणजे पातं न पेटवता मोजलेल्या व्होल्टेजवर विसंबलात तर अख्खी संध्याकाळ जाईल आणि हाती काही लागणार नाही.

इथे गृहीत धरलेली जोडणी नेहमीची आहे. मुठीत एक १८६५० लिथियम सेल, त्यावर संरक्षण असलेलं टीपी ४०५६ चार्जिंग मॉड्यूल, मग स्विच, मग ५ व्होल्ट करणारं एमटी ३६०८ बूस्ट मॉड्यूल, त्यावर प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, आर्डुइनो नॅनो. पात्यात डब्ल्यूएस २८१२बी एलईडीच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून, मीटरला ६० एलईडीवाल्या, प्रत्येकी ८० सेंटिमीटर. म्हणजे एका बाजूला ४८ आणि एकूण ९६ एलईडी. दोन्ही पट्ट्यांना डेटा एकाच पिनवरून. ज्यांनी आवाज आणि हालचाल ओळखण्याची सोय केली आहे त्यांच्याकडे सोबत आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी आणि हालचालीसाठी एमपीयू ६०५० सेन्सर असतो. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात, त्यामुळे संशयित भाग बदलून बघणं महाग नाही. पण आधी मोजा, मग बदला.

आधी हिशेब

डब्ल्यूएस २८१२बी च्या प्रत्येक एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. पट्टीच्या आवृत्तीनुसार प्रत्येक दिवा पूर्ण उजेडावर १२ ते २० मिलिअँपिअर घेतो. वरचा आकडा धरू. पातं नुसतं निळं पेटवलं तर ९६ गुणिले २० म्हणजे १.९२ अँपिअर. पांढरं पेटवलं तर तिप्पट, ५.७६ अँपिअर.

हा प्रवाह ५ व्होल्टवरचा आहे. सेल ३.७ व्होल्टचा असल्यामुळे त्याच्याकडून जास्त ओढावा लागतो. निळ्या पात्यासाठी ९.६ वॅट लागतात, बूस्टमध्ये १५ टक्के वाया गेले असं धरलं तर सेलकडून साधारण ११.३ वॅट, म्हणजे ३ अँपिअरहून थोडं जास्त. आता टीपी ४०५६ च्या पाटीवरची छोटी संरक्षण चिप, डीडब्ल्यू ०१, नेमकी ३ अँपिअरच्या आसपासच वीज तोडते. एमटी ३६०८ वर २ अँपिअर लिहिलेलं असतं, पण ३.७ वरून ५ व्होल्ट करताना तो सतत १ अँपिअरपर्यंतच सुखाने चालतो. त्यापुढे तो तापतो आणि व्होल्टेज सोडतो.

थोडक्यात, ही नेहमीची जोडणी निळ्या रंगावरच काठावर उभी असते. सेल भरलेला असताना चालते, निम्मा उतरला की बंद पडते, आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे उजेड कमी करणं. २५५ पैकी १२८ ठेवला तर प्रवाह निम्मा होतो, आणि डोळ्याला उजेड निम्मा झाल्यासारखा मुळीच वाटत नाही. अंधाऱ्या रंगमंचावर तर फरक सांगावा लागतो. एलईडी पट्ट्या चालवायच्या फास्टएलईडी या तयार प्रोग्राम-लायब्ररीत कमाल व्होल्ट आणि मिलिअँपिअर ठरवून देणारी आज्ञा आहे, ती जरूर वापरा. पण इथे एक गोम आहे: दोन पट्ट्या एकाच डेटा पिनवर असतील तर लायब्ररीला फक्त ४८ एलईडी माहीत असतात. तिच्या हिशेबात ५०० मिलिअँपिअर म्हणजे प्रत्यक्षात १ अँपिअर. तेव्हा हवी त्याच्या निम्मी मर्यादा लिहा.

मल्टिमीटर कुठे टेकवायचा

साधा पिवळा डिजिटल मीटर पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे बघा. त्या भोकात असताना सेलला टेकवली तर तो सरळ शॉर्ट होतो.

पातं पेटवा आणि या क्रमाने मोजा. आधी सेलच्या दोन टोकांवर. चांगला सेल २ अँपिअर देताना रिकाम्या व्होल्टेजपेक्षा ०.१ ते ०.२ व्होल्टच खाली येतो. ४.० वरून थेट ३.४ वर आला तर सेल थकलेला आहे, मग चार्जरवर तो कितीही लवकर ‘फुल’ दाखवो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेल्या सेलचं हेच होतं. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला स्वस्त सेल असेल तर मोजायचीही गरज नाही. खऱ्या १८६५० ची क्षमता ३५०० च्या आसपास संपते. किचनच्या काट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, बनावट बराच हलका.

मग काळी वायर टीपी ४०५६ वरच्या बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल त्याच्याच आउटपुटच्या ऋण टोकावर. हे मोजमाप सहसा कुणी घेत नाही, पण सर्वात जास्त तेच सांगून जातं. संरक्षणाचा स्विच ऋण बाजूला असतो. वीज चालू असताना इथे ०.१ व्होल्टच्या आसपास दिसतं. संरक्षणाने वीज तोडली असेल तर इथे जवळपास सेलचं पूर्ण व्होल्टेज दिसतं. तसं दिसलं की पुढचं काही तपासू नका, आधी प्रवाह कमी करा.

त्यानंतर चालू स्विचच्या दोन पायांवर. आदर्श आकडा शून्य. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर स्विच बदला. बोटाच्या पेराएवढे छोटे स्लाइड स्विच अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेरचे असतात. २–३ अँपिअर नेले की आतली पट्टी काळी पडते आणि काही आठवड्यांनी तलवार ‘मधेच’ बंद व्हायला लागते. ३ अँपिअर किंवा जास्त क्षमतेचं, दाबलं की दबलेलं राहणारं १६ मिलिमीटरचं धातूचं बटण घ्या.

शेवटी बूस्टचं आउटपुट, पट्टीची सुरुवात आणि पट्टीचं टोक. बूस्टवर ५.० आणि पट्टीच्या सुरुवातीला ४.६ असेल तर मधली वायर बारीक आहे. ३० गेजची वायर मीटरला सुमारे ०.३४ ओहम असते. २० सेंटिमीटर जाऊन-येऊन ४० सेंटिमीटर झाली, २ अँपिअरला पाव व्होल्टहून जास्त तिथेच गेले. २२ गेजची सिलिकॉन आवरणाची वायर लावली की हाच तोटा ०.०४ व्होल्टवर येतो.

पेटते आणि लगेच विझते

विझल्यावर तलवार काय करते, यावरून दोष निम्मा कळतो.

स्वतःहून परत पेटत असेल, म्हणजे पातं पुन्हा मुठीपासून टोकाकडे भरत जात असेल, तर नॅनो रीसेट होतो आहे. त्याचं व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं की तो थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. पट्टीने एकदम प्रवाह ओढला, बूस्ट कोसळला, नॅनो मेला, पट्टी विझली, व्होल्टेज सावरलं, नॅनो उठला, आणि परत तेच. पट्टीच्या सुरुवातीला ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, ६.३ किंवा १० व्होल्टचा कॅपॅसिटर लावा, उजेड कमी करा आणि पातं एकदम न पेटवता पाव-अर्ध्या सेकंदात हळूहळू चढवा.

विझून तशीच राहिली आणि मुख्य स्विच बंद-चालू केल्यावरच परत आली, तर डीडब्ल्यू ०१ ने वीज तोडली होती. चार्जर टोचल्याशिवाय आलीच नाही, तर सेल २.४ व्होल्टपर्यंत रिकामा झाला होता. नवा सेल बसवल्यावर पहिल्यांदाच आउटपुट शून्य येत असेल तर घाबरू नका. यातली बरीच मॉड्यूल सेल जोडल्यावर एकदा चार्जर लावल्याशिवाय जागी होत नाहीत.

स्विच दाबल्याक्षणीच, एकही एलईडी न पेटता संरक्षण वीज तोडत असेल तर कॅपॅसिटर जास्त मोठा झाला आहे. बूस्ट मॉड्यूलमध्ये सुरुवातीला सेल कॉइल आणि डायोडमधून थेट कॅपॅसिटर भरतो, आणि त्या झटक्याला चिप शॉर्ट समजते. १००० च्या जागी ४७० लावून बघा.

नॅनोला वीज कुठून दिली आहे, तेही बघा. बूस्टचे ५ व्होल्ट व्हीआयएन पिनला जोडले असतील तर मधल्या रेग्युलेटरमध्ये सुमारे एक व्होल्ट जातो आणि नॅनो ४ वर चालतो. ती पिन ७ ते १२ व्होल्टसाठी आहे. आपले ५ व्होल्ट ५व्ही पिनलाच द्या. आणि प्रोग्राम भरताना सेल बंद ठेवून यूएसबीवर अख्खं पातं पेटवू नका. यूएसबीची वीज नॅनोवरच्या अर्ध्या अँपिअरच्या डायोडमधून जाते, तो जळला की बोर्ड यूएसबीवर परत जागा होत नाही.

फिरवली की बंद

लुटुपुटीच्या लढाईत तलवारीवर दोन प्रकारचा ताण येतो: फिरवताना सगळं टोकाकडे ओढलं जातं, आणि आदळल्यावर एकदम थांबतं. पहिला बळी सेल होल्डर.

होल्डरमध्ये एका बाजूला स्प्रिंग असते. ती पात्याच्या बाजूला असेल तर फिरवताना ४५ ग्रॅमचा सेल स्प्रिंग दाबत पुढे सरकतो आणि मागच्या टोकावरचा संपर्क सुटतो. स्प्रिंग मुठीच्या बुडाशी ठेवा. मग फिरवताना सेल पुढच्या पक्क्या पत्र्यावर दाबला जातो आणि मागून स्प्रिंग त्याच्या पाठोपाठ येते. होल्डर उलटा केल्यावर धन-ऋण वायरीही उलटल्या आहेत हे विसरू नका. टीपी ४०५६ ला उलटा सेल लावला की धूर निघतो. सेल आणि होल्डरच्या मध्ये फोमचा एक तुकडा कोंबला की आडवा खुळखुळाटही थांबतो. धातूच्या पत्र्या वेल्ड केलेला सेल मिळाला तर होल्डरचा प्रश्नच मिटतो. सेलवर घरच्या सोल्डरिंग आयर्नने झाळ मात्र देऊ नका. ऋण टोक उष्णता ओढून घेतं आणि आतलं सील व पडदा बिघडतो.

दुसरा बळी वायरीचा सांधा. एकपदरी हुक-अप वायर हलत राहिली की झाळीच्या अगदी कडेला तुटते आणि आवरणामुळे बाहेरून शाबूत दिसते. पातं पेटवा, लाकडी काडीने एकेक वायर हळूच ढकला. जिथे लुकलुकते तिथे दोष. सगळीकडे बहुपदरी सिलिकॉन वायर वापरा, आणि झाळीपासून एक सेंटिमीटरवर वायर कशाला तरी बांधून टाका म्हणजे ताण झाळीवर येणार नाही. हॉट ग्लू चालतो, पण बूस्ट मॉड्यूलच्या जवळ नको. ते तापतं, ग्लू मऊ होतो आणि वायर परत मोकळी.

तिसरा दोष फसवा आहे. एमटी ३६०८ वर व्होल्टेज लावायचा छोटा पितळी स्क्रू असतो. हादऱ्यांनी तो सरकतो. हे मॉड्यूल २८ व्होल्टपर्यंत देऊ शकतं, आणि डब्ल्यूएस २८१२बी ला ५.३ च्या वर सोसत नाही. ५.० वर लावून स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. नवं मॉड्यूल आणलं की पट्टी जोडण्यापूर्वी आउटपुट मोजायचंच. अनेकदा ते दुकानातून १२ किंवा २० व्होल्टवर लावलेलं येतं, आणि स्क्रूचे दहा-बारा फेरे उलटे घेतल्यावर आकडा हलायला लागतो.

पातं अर्धंच पेटतं

या पट्टीत डेटा एका एलईडीतून पुढच्या एलईडीत जातो. एक मेला की पुढचे सगळे अंधारात. दोषी कोण हे मात्र नीट पाहावं लागतं: शेवटच्या पेटलेल्याचं बाहेर पाठवणारं टोक मेलेलं असतं, किंवा पहिल्या विझलेल्याचं आत घेणारं टोक, किंवा त्या दोघांमधला सांधा तुटलेला असतो.

सांध्यापासून सुरुवात करा. कारखान्यात या पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे जोडून बनवतात, त्यामुळे ८० सेंटिमीटरच्या पट्टीत किमान एक जोड येतोच. पातं वाकलं की तोच आधी सुटतो. अंधार पट्टीच्या जोडावरच सुरू होत असेल तर बाकी शोधाशोध नको. तिथल्या तीनही पॅडवर जोडाच्या अलीकडून पलीकडे बारीक बहुपदरी वायरचे पूल घाला. हे पात्यात पट्टी घालण्याआधीच, बिघडायची वाट न बघता केलेलं उत्तम.

जोड शाबूत असेल तर नॅनोच्या डेटा पिनवरून ४७० ओहमचा रेझिस्टर लावलेली एक सुटी वायर घ्या आणि पहिल्या विझलेल्या एलईडीच्या आत जाणाऱ्या पॅडला टेकवा. तिथून पुढचं पातं उजळलं तर मागचा, म्हणजे शेवटचा पेटलेला एलईडी बदलायचा. नाही उजळलं तर त्याच्या पुढच्याला टेकवा. कार्यक्रम तासाभरावर असेल तर मेलेला एलईडी न काढता त्याच्या आत-बाहेरच्या डेटा पॅडना वायरने जोडून टाका. एक ठिपका काळा राहील, तो उजेड पसरवणाऱ्या दुधी आवरणामागे (डिफ्यूझर) फारसा दिसत नाही.

पहिलाच एलईडी सारखा मरत असेल तर डेटा वायरीत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर नाही, किंवा पट्टीला वीज नसताना नॅनो डेटा पाठवतो आहे. दोघांना एकाच स्विचवर घ्या. जोडताना आधी ग्राउंड, काढताना शेवटी ग्राउंड. पट्टीवरचा बाण मुठीकडून टोकाकडे आहे ना, हेही एकदा बघून घ्या. उलट्या बाजूने डेटा दिला तर काहीच पेटत नाही, जळतही नाही. दुरुस्तीला पातं उघडणं जिवावर येत असेल तर पुढच्या वेळी डब्ल्यूएस २८१३ घ्या. त्यात डेटाची दुसरी राखीव ओळ असते, एखादा एलईडी गेला तरी पुढचे चालू राहतात.

पाठीला पाठ लावलेल्या पट्ट्यांमध्ये एक खास घोटाळा होतो. पट्टी उलटली की एकीची धन बाजू दुसरीच्या ग्राउंड बाजूवर येते. पट्टीच्या मागे पॅड उघडे असतात. चिकटपट्टी सरकली किंवा झाळीचं टोक मागून बाहेर आलं की पातं वाकवल्यावर शॉर्ट होतो आणि संरक्षण वीज तोडतं. ‘विशिष्ट दिशेला वाकवली की विझते’ अशी तक्रार असेल तर हेच. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) किंवा पातळ प्लॅस्टिकची पट्टी आणि वरून पारदर्शक हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आकसणारी नळी घाला. मूठ ॲल्युमिनियमच्या पाइपची असेल तर आतून सगळीकडे इन्सुलेशन हवंच.

रंग वेडेवाकडे, मधेच चमचम

लाल सांगितला आणि हिरवा आला तर काही बिघडलेलं नाही. या पट्टीला रंग हिरवा-लाल-निळा या क्रमाने लागतात, प्रोग्राममध्ये तो क्रम निवडा.

रंग आपोआप उड्या मारत असतील तर आधी ग्राउंड. नॅनोचं आणि पट्टीचं ग्राउंड एकाच ठिकाणी जोडलेलं हवं. डेटाची वायर १५ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर तिच्याभोवती ग्राउंडची वायर पिळून न्या.

नॅनोऐवजी ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी ३२ बोर्ड वापरला असेल तर कारण वेगळं. पट्टी आपल्या पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेजला ‘एक’ समजते, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. ईएसपी देतो ३.३. म्हणून कधी चालतं, कधी नाही, आणि उकाड्यात किंवा नव्या पट्टीवर बिनसतं. ७४एचसीटी१२५ सारखी लेव्हल बदलणारी चिप लावा, नाहीतर बूस्ट ४.५ व्होल्टवर आणा. मग सीमा ३.१५ होते.

यापेक्षाही सरळ वाट आहे: बूस्ट काढून पट्टी थेट सेलवर, म्हणजे टीपी ४०५६ च्या आउटपुटवर चालवा. ३.७ ते ४.२ व्होल्टवर ती चालते, डेटाची सीमा २.६ ते २.९ वर येते, बूस्टचा तोटा आणि ताप दोन्ही जातात. उजेड थोडा कमी, आणि सेल उतरत गेला की निळा आणि हिरवा आधी मंदावतो, लाल टिकून राहतो. लाल किंवा केशरी पात्यासाठी ही जोडणी बूस्टपेक्षा सरस आहे. शुद्ध पांढरं हवं असेल तर मात्र चालणार नाही.

पांढरं पातं टोकाकडे पिवळट-गुलाबी दिसतं तेही याच कारणाने. निळ्या-हिरव्याला ३ व्होल्टहून जास्त लागतात, लाल २ च्या आसपास भागवतो. टोकाला ४.५ च्या खाली मोजलं तर मुठीकडून २२ गेजच्या दोन वायरी पात्यातून टोकापर्यंत न्या आणि तिथूनही धन-ऋण जोडा. डेटा मात्र एकाच बाजूने.

हात जवळ नेला की पेटते. बंद करूनही सेल उतरतो

पहिल्याचं कारण तरंगती, म्हणजे कशालाच न बांधलेली पिन. बटणाची पिन नॅनोच्या आतल्या पुल-अपवर (पिनला धन बाजूला धरून ठेवणारा रेझिस्टर) ठेवा आणि बटण ग्राउंडला जोडा. एकदा दाबलं की दोनदा घेतं, तर प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंद थांबा.

दुसऱ्याचं कारण असं, की पातं काळं केलं तरी प्रत्येक एलईडीतली चिप जागी असते आणि पाऊण ते एक मिलिअँपिअर घेत राहते. ९६ एलईडीचे ७० ते १०० मिलिअँपिअर, वर नॅनो आणि बूस्ट. २६०० चा सेल एका दिवसात झोपतो. बटणाने ‘बंद’ केलेली तलवार खरी बंद नसते. सेलनंतर खरा तोडणारा स्विच हवाच.

आवाज आणि हालचाल

डीएफप्लेअर चुकीची फाइल वाजवत असेल तर कार्ड फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा, ३२ जीबीपर्यंतचं घ्या, ‘एमपी३’ नावाच्या फोल्डरात चार आकडी नावांनी फाइली ठेवा. तसं न केल्यास तो कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने मोजतो. मॅकवरून कॉपी केल्या तर लपलेल्या फाइली मोजणी बिघडवतात. त्याच्या आज्ञा घेणाऱ्या आरएक्स पिनला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की स्पीकरमधली किरकिर बरीच कमी होते. स्पीकरची एकही वायर ग्राउंडला जोडायची नाही, दोन्ही टोकं ॲम्प्लिफायरची आहेत. पातं पेटलं की आवाज गुरगुरत असेल तर प्लेअरची वीज पट्टीच्या वायरीवरून न घेता थेट बूस्टच्या पायावरून घ्या आणि शेजारी २२० मायक्रोफॅरड लावा.

४८ एलईडीना डेटा पाठवायला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो आणि तेवढा वेळ नॅनो बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष करतो. त्यात प्लेअरचं उत्तर हरवतं. उत्तराची वाट बघत थांबणारा प्रोग्राम तिथेच गोठतो. वाट बघणारी ओळ काढा किंवा तिला वेळेची मर्यादा घाला.

एमपीयू ६०५० सुद्धा असाच गोठवतो. आदळल्यावर त्याची वायर क्षणभर सुटली तरी त्याच्याशी बोलणारी ‘वायर’ (Wire) नावाची लायब्ररी उत्तरासाठी अडकून बसते. नव्या आवृत्तीत वेळमर्यादा घालायची सोय आहे, २५ मिलिसेकंद ठेवा आणि चूक आली की सेन्सर परत सुरू करा. सेन्सरचा पत्ता ०एक्स६८ सापडतच नसेल तर एसडीए आणि एससीएल या त्याच्या दोन संदेशवाहक वायरी अदलाबदल झाल्यात का बघा. नॅनोवर त्या अनुक्रमे ए४ आणि ए५ पिनला. आणि सेन्सर फोमवर चिकटवू नका. तो मुठीला पक्का बसला नाही तर वार आणि थरथर यांतला फरक त्याला कळत नाही.

चार्जिंग

तलवार चालू ठेवून चार्ज करू नका. प्रवाह १०० मिलिअँपिअरच्या खाली आला की टीपी ४०५६ सेल भरला असं समजतो. तेवढं पातंच ओढत असेल तर तो कधीच थांबत नाही. दुकानातलं मॉड्यूल १ अँपिअरवर लावलेलं असतं. बारीक मुठीत ५०० मिलिअँपिअर-तासाचा चपटा सेल बसवला असेल तर पाटीवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून २.४ चा लावा, प्रवाह अर्धा होतो. टाइप-सी सॉकेटवालं मॉड्यूल मोबाइलच्या सी-टू-सी केबलने चार्ज होत नाही पण जुन्या चपट्या यूएसबी केबलने होतं, तर त्यावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर दिलेले नाहीत. जुनीच केबल वापरा. फुगलेला, चेपलेला किंवा २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल वाचवायच्या फंदात पडू नका.

महिन्याभराने सुरू होणारे बिघाड

सुरुवातीला नीट चाललेली तलवार काही आठवड्यांनी कुरकुरते, तेव्हा आधी पात्याच्या बुडाशी भरलेलं सिलिकॉन हुंगून बघा. काचा बसवायच्या स्वस्त सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. ते ॲसिड तांबं खातं, पॅड हिरवे पडतात. कार्यक्रम गणपतीतला असेल तर भर पावसाची दमट हवा त्यात भर घालते. ते कोरून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पॅड घासा, परत झाळ द्या आणि या वेळी न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्या. सोल्डरिंगनंतर न पुसलेला पेस्ट फ्लक्सही हेच करतो, फक्त सावकाश.